नक्कल

आमच्या घरांत आजीच्या वेळचें एक तांब्याचें घंगाळ आहे. त्याचा तळ दोनदां बदलला, एक कडी मोडली म्हणून नवी बसविली, आणि एका बाजूस आलेला पोचा तांबटानें ठोकून काढला तेव्हां तेथली नक्षीहि गेली. तरी घरांत त्याचा उल्लेख 'आजीचें घंगाळ' असाच होतो, आणि त्यांत कोणाला कांहीं गैर वाटत नाहीं. जुन्या वस्तूची दुरुस्ती ही इतकीच सोपी गोष्ट, अशी माझीहि समजूत होती. ती समजूत गेल्या वर्षीं एका बंदुकीनें घालविली. जन्मभर धातु आणि विभक्ति यांशीं झगडलेल्या शाळामास्तराचा बंदुकीशीं काय संबंध, असें वाचक म्हणतील. संबंध आला तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळें.

माघांत एके सकाळीं एक उंच, सांवळा, मिशा पिकलेला गृहस्थ दारांत उभा राहिला, वांकून नमस्कार केला आणि म्हणाला, "गुरुजी, ओळखलंत का?" त्यानें नांव सांगतांच मला त्याचा वर्ग आठवला, खिडकीजवळचा त्याचा बाक आठवला, आणि त्या बाकाशीं निगडित असलेली एक गोष्टहि आठवली. ती पुढें सांगणारच आहें. शाळा संपल्यावर तो सैन्यांत गेला होता. तेथें बावीस वर्षें त्यानें शस्त्रें दुरुस्त करण्याचें काम केलें. अशा कारागिरास सैन्यांत 'आर्मरर' म्हणतात. निवृत्त होऊन तो आतां साताऱ्याजवळच्या आपल्या गांवीं शेती पाहतो.

साताऱ्याभोंवतालचीं गांवें आणि पलटण यांचें नातें वाचकांस ठाऊक आहेच. अपशिंगे गांवचे ४६ जवान पहिल्या महायुद्धांत कामीं आले, आणि 'मिलिटरी' हा शब्द त्या गांवाच्या नांवालाच कायमचा जडला. माझ्या विद्यार्थ्याचें गांव तितकें प्रसिद्ध नाहीं. पण तेथेंहि घराघरांतून एखादें पदक, एखादी पेन्शनची पुस्तिका निघते. गांवकऱ्यांनीं वर्गणी जमवून एक स्मृतिकक्ष बांधला होता. तेथें ठेवण्यासाठीं, रीतसर अर्ज आणि परवानग्या होऊन, एक जुनी कवायती बंदूक मिळाली होती. ती पूर्णपणें निकामी केलेली होती. तिच्या नळींतून पुन्हां गोळी जाणें शक्यच नव्हतें. तिला पूर्वरूप देण्याचें काम ह्यानें अंगावर घेतलें होतें, आणि तिच्या शेजारीं लावावयाच्या फलकाचा मजकूर मीं लिहावा अशी मंडळींची इच्छा होती.

"नुसती साफ नाही करायची, गुरुजी," तो म्हणाला. "आजोबांच्या कामाची असायची तसली करायची आहे."

त्याचे आजोबा दुसऱ्या महायुद्धांत मराठा पलटणीबरोबर इटलींत होते. नाईक यशवंत घाडगे ह्यांनीं १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या खोऱ्यांत प्राण देऊन, आणि शिपाई नामदेव जाधव ह्यांनीं ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीच्या कांठीं जखमी साथीदारांस वांचवून, ज्या मोहिमेंत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, तीच ही मोहीम. आजोबांची गणना निवडक नेमबाजांत होती. दडून बसून दूरवरचा एकेक शत्रु टिपणारा जो शिपाई, त्यास इंग्रजींत 'स्नायपर' म्हणतात. हा शब्द मूळचा आपल्याकडचाच. अठराव्या शतकांत हिंदुस्थानांतील गोरे अधिकारी पाणलाव्याच्या शिकारीस जात. पाणलाव्याचें इंग्रजी नांव 'स्नाइप'. हा पक्षी लहान, आणि उडतांना वेडावांकडा वळणारा. तो ज्याला टिपतां येई तो खरा नेमबाज. पुढें पक्ष्याच्या जागीं माणूस आला, आणि शब्द तोच राहिला.

घरीं परतल्यावर आजोबांनीं या कामाविषयीं कोणापाशीं चकार शब्द काढला नाहीं. जत्रेंत पोरें फुगे फोडण्याची बंदूक हातांत घेऊं लागलीं कीं ते तेथून निघून जात. समोरासमोर लढणाऱ्याला शत्रु दिसतो. दुर्बिणींतून पाहणाऱ्याला माणूस दिसत असला पाहिजे. रामानें वालीला झाडाआडून मारिलें, त्याचें समर्थन करतांना आमच्या टीकाकारांची केवढी तारांबळ उडते, हें मीं वर्गांत कितीदां तरी हंसत हंसत सांगितलें आहे. नातवाच्या तोंडून ही हकीकत ऐकल्यावर तें हंसणें मला आवरतें घ्यावेंसें वाटलें.

चैत्रांत मी त्याच्या गांवीं गेलों. गोठ्याशेजारच्या पडवींत त्यानें आपला कारखाना मांडला होता. कानशी, पटाशा, लहानमोठे पेचकस सारें एका ओळींत, आणि मधोमध सतरंजीवर ती बंदूक. दस्त्यावर जागोजाग रंगाचे पट्टे मारलेले, लाकूड तेलामळानें काळें पडलेलें, मुठीजवळ एक लांब चीर. "ही थ्री नॉट थ्री," तो सांगूं लागला. ली नांवाच्या माणसानें योजलेली यंत्ररचना आणि एन्फील्डचा सरकारी कारखाना, यांवरून तिला ली-एन्फील्ड म्हणतात. आपल्याकडे हिचा जुना नमुना बंगाल्यांत इशापूरच्या कारखान्यांत बने. ही मात्र दुसऱ्या महायुद्धांतील 'नंबर चार'. वजन सुमारें चार किलो, पेटींत दहा काडतुसें.

नेमबाजांसाठीं या नंबर चारमधूनच बंदुका निवडल्या जात. कारखान्यांत चांदमारी करून ज्या सर्वांत अचूक ठरत त्या बाजूला काढीत, आणि त्यांपैकीं बहुतेक लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या शिकारी बंदुका करणाऱ्या नामांकित पेढीकडे जात. तेथें बंदुकीच्या डाव्या अंगाला दोन पोलादी बैठकी बसवून त्यांवर दुर्बीण चढवीत. ही दुर्बीण मुळांत ब्रेन नांवाच्या मशिनगनसाठीं योजलेली होती. दुर्बीण उंचावर आल्यामुळें गाल टेकण्यासाठीं दस्त्यावर लाकडाची एक उंचट पट्टी जोडावी लागे. एरव्हीं पांच काडतुसांची पट्टी वरून एका दमांत भरतां येई. दुर्बीण आड आल्यानें तीं एकेक भरावीं लागत. पण नेमबाजास घाई नसतेच. मला सर्वांत आवडली ती पुढची गोष्ट. बंदुकीचा क्रमांक दुर्बिणीच्या चौकटीवर आणि दुर्बिणीचा क्रमांक दस्त्याच्या मानेवर कोरीत. एका बंदुकीची दुर्बीण दुसरीवर चालत नसे. जोडी एकदां जुळली कीं जुळली.

युद्ध संपल्यावर अशा कित्येक जोड्या फुटल्या. इंग्लंड-अमेरिकेंत हौशी लोक जुन्या साध्या बंदुका घेऊन त्यांना पुन्हां हें नेमबाजी रूप देतात, आणि तो तेथें मोठा छंद होऊन बसला आहे. प्रामाणिक माणूस आपल्या कामाला नक्कल म्हणतो. लबाड माणूस खोटें अक्षर आणि खोटा क्रमांक ठोकून अस्सल म्हणून दसपट किमतीला विकतो. आपल्याकडे असला छंद सामान्य माणसाला शक्य नाहीं, आणि तें एका अर्थीं बरेंच आहे. थ्री नॉट थ्री हें लष्करी माप. तें खाजगी माणसाच्या हातीं जाऊं नये म्हणून इशापूरचा कारखाना नागरिकांसाठीं.३१५ मापाची निराळी रायफल करी. शस्त्र कोणाच्या हातीं द्यावें आणि कोणतें द्यावें, याची राज्यकर्त्यांना चिंता फार जुनी आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनीं हिंदी पलटणींच्या हातीं मुद्दाम अशा एन्फील्ड बंदुका दिल्या कीं ज्यांच्या नळींत आटेच नव्हते. आट्यांमुळें गोळी फिरत आणि सरळ जाते. आटे नसले कीं नेम लांबवर टिकत नाहीं. ज्या शिपायांस आट्याशिवायच्या बंदुका दिल्या, त्यांच्याच नातवंडां-पणतवंडांतून पुढें साहेबानें आपले अचूक नेमबाज निवडले, ही इतिहासाची गंमत म्हणावी कीं दैवाची?

पडवींतलें काम आस्तेआस्ते चाललें होतें. रंग खरडून नव्हे तर भिजवून, कापडानें पुसून काढला होता. "खरवडलं की त्याच्याखालचे शिक्के जातात," तो म्हणाला. चीर सरसानें बुजविली. मग रोज रात्रीं जेवण झाल्यावर जवसाचें तेल तळहातावर घेऊन दस्त्यावर चोळीत बसावयाचें, दुसऱ्या दिवशीं वाळूं द्यावयाचें, आणि पुन्हां चोळावयाचें. दोन महिन्यांनीं त्या लाकडाला असा रंग चढला कीं हात फिरवावासा वाटावा. दुर्बिणीसाठीं त्यानें एका लेथवाल्याकडून पोलादाची नळी कातून आणली आणि दोन्ही टोकांस साधी कांच बसविली. राहिली होती ती गालाची पट्टी. ती मिरजेच्या एका सतारमेकराकडून करून घ्यावी असा त्याचा बेत होता, आणि त्यानें मलाहि बरोबर चलण्याचा आग्रह केला.

आम्ही आगगाडीनें निघालों. कऱ्हाड मागें पडल्यावर शेणोली स्टेशन आलें तेव्हां तो खिडकींतून बाहेर पाहूं लागला. ७ जून १९४३ रोजीं प्रतिसरकारच्या तुफान सेनेनें येथेंच रेल्वे नोकरांच्या पगाराची गाडी अडवून खजिना लुटला होता. "आजोबांचे चुलतभाऊ तुफान सेनेत होते," तो म्हणाला. "एक भाऊ साहेबाच्या बाजूनं इटलीत, दुसरा साहेबाच्या विरुद्ध इथं. आजी दोघांसाठी एकाच देवापुढं दिवा लावायची." त्या काळीं आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग सातारा जिल्ह्यांतच होता, १९४९ सालीं दक्षिण सातारा म्हणून तो निराळा निघाला आणि १९६० सालीं सांगली हें नांव पावला. एका घराप्रमाणें हा एक जिल्हाहि त्या वर्षांत दोन्हीकडे लढत होता.

मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे आणि हत्यारें दुरुस्त करणारे. मराठेशाही बुडाली, हत्यारांचें काम आटलें, आणि गेल्यापूर्वींच्या शतकाच्या मध्यास त्यांच्यांतील फरीदसाहेब आणि त्यांच्या भावानें तंतुवाद्यें दुरुस्त करतां करतां स्वतः घडविण्यास आरंभ केला. संस्थानिक पटवर्धनांचा आश्रय मिळाला. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें, त्याचें मूळ हें असें हत्यारांत आहे. आम्ही गेलों तें दुकान लहानच होतें. छताला वाळलेले भोपळे टांगलेले, खालीं तुणीच्या लाकडाचा भुसा. वृद्ध कारागिरानें कागदाचा नमुना हातांत घेऊन बराच वेळ पाहिला आणि विचारलें, "हे फुटणार तर नाही ना?"

"नाही, चाचा. कधीच नाही."

"मग ठीक आहे. आमच्या वडिलांनी हत्यार सोडलं ते सोडलं."

पट्टी सुरेख झाली. पण मूळचें लाकूड अक्रोडाचें, ही तुणीची, त्यामुळें रंग तांबूस निघाला. कारागीर म्हणाला, "थोडा रंग देतों, मिळून जाईल. ओळखूं येणार नाही." माझा विद्यार्थी एकदम म्हणाला, "नको, ओळखूं येऊं द्या." मला तेव्हां हा हट्ट चमत्कारिक वाटला. इतकी मेहनत घेऊन शेवटीं ठिगळ उघडें कां ठेवावें?

याच सुमारास मीं फलकाचा मजकूर लिहून दिला होता. स्मृतिकक्षाच्या मंडळींनीं सुचविलें होतें कीं लोकांना स्फूर्ति मिळेल असें लिहा. आणि स्फूर्ति म्हटली कीं आमची लेखणी आवरत नाहीं. 'हीच ती बंदूक! इटलीच्या हिमाच्छादित गिरिशिखरांवर आमच्या ग्रामपुत्रानें जिच्या साह्यानें...' असा आरंभ करून मीं चांगलीं बारा वाक्यें रचलीं होतीं. मंडळी खूष झाली. विद्यार्थ्यानें तो कागद दोनदां वाचला, घडी करून माझ्या हातांत परत दिला, आणि म्हणाला, "गुरुजी, हीच ती नाही ना. आजोबांच्या हातात नंबर चार होती का त्याच्या आधीची पॅटर्न चौदा, हे मला माहीत नाही. पेन्शनच्या कागदात बंदूक लिहीत नाहीत. आजोबा बोलले नाहीत. मग आपण कसं बोलायचं?"

मी म्हणालों, "अरे, भाव महत्त्वाचा. कोण पाहायला येणार आहे?"

"आत्ता कुणी नाही. पण पन्नास वर्षांनी गावाला तेच खरं वाटेल. आणि मग आजोबांचं जे खरं होतं, ते कुणी शोधणारच नाही."

परतीच्या वाटेवर मी गप्प होतों. वाईस संस्कृत शिकत असतांना आमच्या शास्त्रीबोवांनीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा एक खंड आमच्यापुढें उघडून ठेवला होता, तो मला आठवला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेनें १९१९ सालीं हें काम आरंभिलें आणि १९६६ सालीं पुरें केलें. १,२५९ हस्तलिखितें तपासलीं गेलीं. डॉ. सुखठणकरांसारख्या विद्वानानें त्यांत आयुष्य वेंचलें. त्या ग्रंथांत कांहीं शब्दांखालीं नागमोडी रेघ आहे. शास्त्रीबोवा म्हणाले होते, "ही रेघ म्हणजे, हा पाठ आम्ही स्वीकारला आहे, पण आमची पुरती खात्री नाही. बाळांनो, या ग्रंथातली सर्वांत मोठी विद्या या रेघेत आहे." तुणीच्या तांबूस पट्टीला रंग देऊं नको म्हणणाऱ्यानें तें पुस्तक कधीं पाहिलें नव्हतें, पण नागमोडी रेघ त्याला कळली होती, आणि मला नव्हती.

त्याच शास्त्रीबोवांनीं आणखीहि एक नियम शिकविला होता. दोन पोथ्यांत एकच चूक आढळली तर एक पोथी दुसरीवरून उतरली असें लगेच म्हणूं नये. दोघींची मूळ पोथी एकच असूं शकते, आणि चूक त्या मूळ पोथींतली असूं शकते. हा नियम मला पाठ होता. तरी अडतीस वर्षांपूर्वीं, माझ्या शिक्षकीच्या तिसऱ्या वर्षीं, सहामाही परीक्षेंत नववीच्या दोन मुलांनीं 'पति' शब्दाची तृतीया 'पतिना' अशी लिहिली तेव्हां तो मला सुचला नाहीं. दोघांची चूक एक, बाकहि एक. मीं दोघांवर नक्कल केल्याचा आळ घेतला, भर वर्गांत शून्य मार्क वाचून दाखविले आणि आठवडाभर तासाला बाहेर उभें केलें. त्यांतला एक हा. "मी बघून लिहिलं नाही," इतकेंच तो एकदां म्हणाला होता.

पंधरा दिवसांनीं वह्या तपासतांना एका नीटनेटक्या मुलीच्या वहींत, तारखेसह, फळ्यावरून उतरून घेतलेली शब्दरूपावली मला दिसली. तिच्यांत 'पतिना' होतें. 'भूपति'सारख्या समासांत 'भूपतिना' बरोबर. पण एकटा 'पति' असला कीं 'पत्या' व्हावें. मीं आधीं भूपति चालविला होता आणि त्याच ओघांत पति चुकीचा चालविला होता. चूक माझ्या हातची होती. बाकीच्या मुलांनीं पुस्तकावरून पाठ केलें म्हणून तीं वांचलीं. या दोघांजवळ पुस्तक नव्हतें. फळा हेंच त्यांचें पुस्तक. मीं ती वही मिटून परत दिली. आज सांगूं, उद्यां सांगूं म्हणतां म्हणतां वर्ष संपलें. दुसरा मुलगा पुढच्या वर्षीं शाळेंत आलाच नाहीं. त्याचें कारण हेंच होतें असें मी म्हणत नाहीं; पण तें हें नव्हतें असेंहि म्हणण्याचा मला अधिकार नाहीं.

हें सारें मीं त्या रात्रीं घरांत बोलून दाखविलें. एवढ्या वर्षांच्या संसारांत तें पहिल्यानेंच. सौभाग्यवती स्वयंपाकघराची झांकपाक करीत ऐकत होती. ती म्हणाली, "मग फलक आधी लिहिणार की हे आधी सांगणार?" तिला उत्तराची अपेक्षा नव्हती.

दुसऱ्या दिवशीं पहिली एस्. टी. धरून मी त्याच्या गांवीं गेलों. तो पडवींत तेल चोळीत बसला होता. मीं उभ्यानेंच सांगून टाकलें. त्यानें हातांतलें फडकें खालीं ठेवलें. बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "गुरुजी, तुम्ही सांगितलंत म्हणून बोलतो. पहिले काही महिने मला पक्कं ठाऊक होतं की मी बघितलं नाही. पण सगळे नक्कल नक्कल म्हणायला लागले. पुढं पुढं मलाच वाटायला लागलं की गेली असेल माझी नजर. इतकी वर्षं मी तेच धरून चाललोय की मी नक्कल केली होती."

या वाक्यानें माझ्या पोटांत जें झालें तें लिहून दाखवितां येण्याजोगें नाहीं. मी इतकी वर्षें समजत होतों कीं मीं एका मुलास अन्यायानें शिक्षा केली. प्रत्यक्षांत मीं त्याच्या आठवणींत खोटा पाठ घुसविला होता, आणि त्याखालीं रेघहि ठेवली नव्हती. क्षमा मागण्यासाठीं मीं हात जोडले, ते त्यानें वरचेवर धरले आणि "चहा घ्या" म्हणाला. दुसऱ्या मुलाचा पत्ता त्याच्यापाशीं नव्हता. तो मी अजून शोधीत आहें.

फलक नव्यानें लिहिला तो असा: 'ही निकामी केलेली जुनी कवायती बंदूक आहे. दुर्बीण आणि गालाची तांबूस पट्टी नवी आहे. आमच्या गांवचा जवान इटलींत १९४४ सालीं अशाच बंदुकीनें लढला असावा. त्याविषयीं तो स्वतः कधीं बोलला नाहीं.' स्मृतिकक्षाची मंडळी थोडी नाराज झाली. त्यांना मीं सांगितलें कीं २०२३ सालीं इटलींत मोंटोने येथें यशवंत घाडग्यांच्या स्मरणार्थ छायाघटिका उभारली. तिच्यावर बंदूक नाहीं, तलवार नाहीं, नुसती उन्हाची सावली फिरते, आणि तरी लोक तिच्यापुढें उभे राहतात. तें त्यांना पटलें किंवा माझ्या वयाकडे पाहून त्यांनीं मान्य केलें.

फलक रंगविण्याचें काम गांवच्याच एका तरुण रंगाऱ्याकडे होतें. संध्याकाळीं तो कागद घेऊन माझ्याकडे आला आणि 'अशाच बंदुकीनें' या शब्दांखालीं बोट ठेवून म्हणाला, "गुरुजी, इथं तुमची रेघ जरा हललीय. मी पट्टी लावून सरळ मारूं का?"

माझ्या विद्यार्थ्यानेंच उत्तर दिलें, "नको. ती तशीच मार."